सोडलेला मासा

“आता सोडा, व्याहीबुवा,” पाचोऱ्याचे समाधानराव म्हणाले आणि त्यांनी मोबाईल सरसावला.

यादवराव तायडे गुडघाभर तापीत उभे होते. हातात मासा तडफडत होता. पावशेराचाही नसेल, पण त्यांच्या आयुष्यातला हा पहिला मासा होता. आणि हे सांगायची सोय नव्हती.

सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत गोरे लोक पिसांचा खोटा किडा गळाला बांधून मासे धरताना पाहिले. झालं. घरातली दोऱ्याची रिळं आणि शेजारच्या कोंबड्याची शेपटी, दोन्हींवर संक्रांत आली. नोकरीत तासातासाला बॉयलरचं रीडिंग लिहायची सवय. तशीच वही ते नदीवर नेऊ लागले. पाणी किती अंश, वारा कुठला, किडे किती. थंडी सरून पाणी कोमट झालं की किडे पाण्यातून वर येतात आणि त्यांच्यामागे मासे, हे त्यांना तोंडपाठ होतं. मासे मात्र वही वाचत नव्हते. रोज रिकाम्या हाताने घरी येणं बरं दिसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला, सुनंदाबाईंना, ठोकून दिलं, की आपण मासे धरतो आणि परत सोडून देतो; परदेशात हीच रीत आहे. तीन वर्षांत त्यांनी कागदोपत्री दीडेकशे मासे सोडले. सुनेने ही थोरवी माहेरी कळवली आणि तिचे वडील, म्हणजे हे समाधानराव, आज ती पाहायला आले.

आणि नेमका आजच, फाल्गुनातल्या उतरत्या उन्हात, वारा पडला. पाण्यावर पातळ पंखांचे किडे भुरभुरू लागले. मासे टपाटप उसळले. त्यातल्या एका बावळटाने यादवरावांचा कोंबडीछाप किडा गिळला.

सोडणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. हा मासा सुनंदाबाईंसमोर नेऊन ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण मोबाईल रोखलेला होता. त्यांनी मूठ उघडली. मासा गेला. रोज एवढं पुण्य करता, धन्य आहे तुमची, असं म्हणत समाधानरावांनी टाळ्या वाजवल्या.

घरी समाधानरावांनी सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. मुलगा बरं म्हणाला, सून हसली. त्यांच्या लेखी ते रोजचंच होतं. सुनंदाबाई तर स्वयंपाकघरातून बाहेरही आल्या नाहीत. यादवरावांचा आनंद पोटात राहत नव्हता आणि ओठांवर आणता येत नव्हता. इतकं एकटं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. ते उठून आत गेले.

सुनंदाबाईंनी त्यांना चहाचा कप दिला आणि त्यांचा हात तसाच धरून ठेवला. मग व्याह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

“तीन वर्षांत आज पहिल्यांदा हाताले माशाचा वास येऊन राहिला. केवढा होता हो?”