क्लच नसलेला ट्रॅक्टर

नवा ट्रॅक्टर गिअरचा घ्यायचा की हायड्रोस्टॅटिक, यावरून विस्कॉन्सिनमधला म्हातारा ऑर्विल आणि त्याची लेक मार्लिस यांची वर्षभर जुंपली होती.

"बाबा, क्लच दाबून दाबून तुमचा गुडघा कामातून गेलाय. हायड्रोस्टॅटिकला क्लचच नसतो, नुसतं पेडल दाबायचं."

"पेडल दाबायला ती काय शिलाई मशीन आहे? तुला क्लच जमत नाही, हे सरळ सांग ना!"

जुना ट्रॅक्टर शेवटच्या घटका मोजत होता, पण त्याच्या आधी, मार्चमधल्या बर्फात, ऑर्विलच गेला. त्यानंतर मार्लिस रोज सकाळी त्या जुन्या ट्रॅक्टरवर बसून क्लच शिकत राहिली. धक्का न बसता गिअर पडला, त्याच दिवशी ती ड्वेनच्या ट्रॅक्टरच्या दुकानात गेली.

"गिअरचाच द्या, ड्वेनकाका. बाबांचा शब्द मोडायचा नाहीये मला."

ड्वेनने टोपी काढून डोकं खाजवलं आणि आवारात उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या हायड्रोस्टॅटिककडे बोट दाखवलं.

"तो तुझ्या बापानेच हिवाळ्यात घेऊन ठेवलाय. म्हणाला, माझ्यामागे पोरीलाच चालवायचाय, आणि तिला क्लच काही या जन्मात जमायचा नाही."

ड्वेनने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.



"आणि म्हणाला, मी आहे तोवर तिला कळू देऊ नकोस, जिंकले म्हणून गावभर मिरवेल."