मुळासकट

चौपन्न सालच्या भाद्रपदात मोरगावच्या माळटेकडीवर प्राध्यापक आगाशांना खरपुडीचा वेल सापडला. त्याच्या कंदिलासारख्या फुलासाठी त्यांनी कैक पावसाळे डोंगर पालथे घातले होते. वेल दगडांवर रचलेल्या बोराटीच्या काट्यांत वाढला होता. कॉलेजात ठेवायचा नमुना मुळासकटच हवा, म्हणून काटे बाजूला सारून त्यांनी खुरपं उचललं. तोच शेळ्या राखणारी झुंबर धावत आली. “खणू नगा, सायेब! माझी तान्ही लेक पुरलीया तितं.” जनावरांनी उकरू नये म्हणून घातलेले काटे आगाशांनीच काढले होते. खुरपं खाली ठेवून त्यांनी एकेक फांदी पुन्हा रचली. झुंबरनं विचारलं, “फूल नेऊन काय करता?” “कागदात दाबून वाळवतो.” “किती दिस टिकतं?” “जपलं तर शंभर वर्षं.” तिनं काट्यांत हात घातला, फूल खुडलं आणि त्यांच्या ओंजळीत ठेवलं. “न्या मग. तिचं कायतरी ऱ्हाऊ द्या.”