ज्याची चूक, त्याच्या हाती डस्टर

"थांब," टिपणीस सर म्हणाले. "ही ओळ परत वाच."

सुजितने ती परत वाचली. सरांनी मान हलवली नाही. गॅलरीच्या भिंतीवर ठोकलेल्या काळ्या फळ्याकडे ते नुसते बघत राहिले. फळ्याच्या कडेला जुन्या खडूची पूड साचली होती. खाली, दोन इमारतींच्या मध्ये उरलेल्या जागेत, बदलापूरचं दुपारचं ऊन एकटंच पसरलं होतं.

उद्या विद्यापीठाच्या गणित विभागात हे प्रमेय सर्वांसमोर मांडलं जाणार होतं. सुजितचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. प्रबंध मंजूर झाला, तर उल्हासनगरच्या कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी कायम होईल, अशी आशा होती. अंबरनाथला घरी वडील आनंदनगरच्या कारखान्यातून परतले की पायातले बूट काढता काढता एवढंच विचारत, "झालं का रे तुझं ते?" ते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते होणार, याची मात्र त्यांना खात्री होती.

सकाळी सरांच्या पत्नीचा, उमाकाकूंचा, फोन आला होता. "आज बरे आहेत. आजच येऊन जा." सुजित आला तेव्हा काकूंनी दाराचं वरचं कुलूप काढलं, त्याला आत घेतलं आणि कुलूप पुन्हा लावलं. नव्या इमारतींत हल्ली सगळेच जपून राहतात.

सरांनी पानं हातात घेतली, तेव्हा प्रथम विचारलं होतं, "अक्षर तुझं?"

"हो सर. माझंच."

"छान आहे. अक्षर चांगलं असलं की चूक लपत नाही."

पहिली दोन पानं त्यांनी सावकाश वाचली, एखादं जुनं गाणं ऐकावं तशी. "सुंदर आहे हे, बाळा. कुठेही घाई नाही." सर सगळ्याच विद्यार्थ्यांना बाळा म्हणत, ठिकठिकाणी विभागप्रमुख होऊन बसलेल्या, केस पिकलेल्या विद्यार्थ्यांनासुद्धा.

आणि मग तिसरं पान आलं.

"इथे तू अनंत बेरीज आणि सीमा यांचा क्रम बदललास," सर म्हणाले. "कोणाला विचारून?"

"सर, इथे ते चालतं."

"चालतं? शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी चौथा बसलेला चालतो. इथे नाही चालत." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझा गाईड कोण रे? झोपला होता का तो?"

सुजित हसला. हसणं भाग होतं. सरही हसले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं.

ते उठले. फळ्यावर त्यांनी ती ओळ उतरवली, तिच्याखाली लाल खडूने रेघ मारली आणि शेजारी एक उदाहरण मांडायला घेतलं. प्रमेयाच्या सगळ्या अटी पाळणारं ते उदाहरण होतं. निष्कर्ष तेवढा पाळत नव्हतं. इतकं साधं, की पहिल्या वर्षाच्या मुलांनाही समजावं. सुजित त्यात खोट शोधत राहिला. ती ओळ त्याने आजवर इतक्यांदा वाचली होती, की ती त्याला दिसेनाशीच झाली होती. आता तिच्यावाचून दुसरं काही दिसेना.

"दुरुस्त होईल का, सर?"

"नाही." सरांच्या आवाजात क्रूरपणा नव्हता, होता तो निखळ आनंद. "हे पडलं की वरचं सगळं पडतं. सगळं."

"सर, उद्या कार्यक्रम आहे. विभागात सगळे येणार आहेत."

"मग सगळ्यांसमोर सांगायचं. त्यात लाज कसली?"



सरांच्या वर्गात पूर्वीपासून एकच नियम होता. ज्याची चूक, त्यानेच फळा पुसायचा. त्यांनी डस्टर उचललं आणि सुजितपुढे धरलं. सुजितने ते घेतलं. फळ्यापाशी जाऊन तो उभा राहिला. हात मात्र वर जाईना.

"दे इकडे," अखेर सर म्हणाले. मग त्यांनी स्वतःच तो फळा पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही रेघ मागे न ठेवता. हात झटकले, खुर्चीत टेकले आणि आत हाक मारली, "अगं, चहा मिळेल का आम्हाला?"

"मला नको, सर. निघतो."

उमाकाकू स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. मघाचं हसणं त्यांनी ऐकलं असावं. त्या सुजितला दारापर्यंत सोडायला आल्या, किल्ली कुलपात घातली आणि न फिरवता तशीच राहू दिली.

"खडू हातात घेतला रे त्यांनी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "किती महिन्यांनी. मला वाटलं, आता काही नाही."

सुजित चपला घालत होता. त्याने वर बघितलं नाही.

"तुझ्या अक्षरात उतरवून आणलंस, ते फार बरं केलंस. छापील दाखवलं की वरचं नाव बघून बावचळतात, कोण हा माणूस म्हणून विचारतात." काकूंनी पदराने डोळे टिपले. "आता उद्या सत्काराला दोन शब्द नक्की बोलतील. आठवलं ना रे त्यांना, की हे प्रमेय त्यांचं स्वतःचंच आहे?"