हाताचा गुण

मुळी उगाळून झाली होती. गिरजाबाईनं ती ताकात कालवली, वाटी हिरामणच्या ओठांशी नेली आणि तिथंच तिचा हात थांबला.

हिरामणचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरातला हा धट्टाकट्टा गडी. त्याची आई जनी त्याला पहिल्या एस.टी.नं रोह्याजवळच्या खांब गावी घेऊन आली होती. कावीळ म्हटली की मुलुखातली माणसं गिरजाबाईचं दार गाठत. ती कुणाकडून पैसा घेत नसे. सासूनं मुळी ओंजळीत दिली तेव्हा एकच अट घातली होती : दारी आलेल्याला औषध दिल्याशिवाय परत धाडायचं नाही. धाडलंस, की त्या दिवशी हाताचा गुण गेला म्हणून समज. तीस वर्षांत गिरजाबाईनं कुणाला परत धाडलं नव्हतं.

पण काविळीची माणसं तिनं शेकड्यानं पाहिली होती. ती गळून जातात, ओसरीवर निपचित पडून राहतात. हा पडतच नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून बसला होता. आडवं करायला गेलं की कळवळायचा. दुखणं बेंबीच्या वरून थेट पाठीत घुसतं म्हणाला. दोन दिवस घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं.

ओसरीवर आणखी सात-आठ जण ताटकळले होते. सगळ्यांची नजर वाटीवर. गिरजाबाईला एकादशीचं रोह्यातलं कीर्तन आठवलं. टाळ थांबवून बुवा म्हणाले होते, आपलं व्रत राखण्यापायी दुसऱ्याचा जीव जात असेल तर ते व्रत कसलं, तो नुसता मीपणा. तेव्हा तिनंही सगळ्यांबरोबर मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

तिनं वाटी खाली ठेवली.

"जने, ह्यो माझ्या मुळीचा आजार नाय. ह्याला आत्ताच्या आत्ता रोह्याला दवाखान्यात ने."

जनी आधी पाया पडली, मग उसळली. एवढ्या लांबून आलो, आमचाच पोर तुला जड झाला का, मोठी देवमाणूस म्हणवतेस, असं तोंडाला येईल ते बोलली. ओसरीवरही कुजबुज सुरू झाली. गिरजाबाईनं शेजारच्या काळुरामला जीप काढायला लावली, हिरामणला स्वतः हाताला धरून आत बसवलं. मग ओसरीवरच्यांपुढं हात जोडले. आजपासून माझ्या हाताला गुण नाही, तुम्हीही डॉक्टरलाच दाखवा, म्हणाली. मुळी तिनं कापडात बांधून देव्हाऱ्याखाली सारली.

महिन्याभरानं जनी एकटीच आली. डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं मिठागराच्या भाषेत सांगितलं. पित्ताचा खडा घसरला नि स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला. ते सुजलं. सुजेनं पित्ताची वाट दाबली गेली. बांधातल्या उघाडीचं, म्हणजे पाणी खाडीत सोडायच्या वाटेचं, दार अडकलं की पाणी कसं मागं शेतात तुंबतं, तसं पित्त मागं लिव्हरात तुंबलं आणि सगळं अंग पिवळं झालं. लिव्हर बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. रोह्याहून मुंबईला नेलं, खडा काढला, वाट मोकळी झाली. मुळीवर आणखी दोन दिवस काढले असते तर हाती लागला नसता.

सांगता सांगता जनी पायांशी वाकली. गिरजाबाईनं पाय मागं घेतले.

"पाया नको पडू गो. गुण व्हता तवर ठीक व्हतं. तो मी त्याच दिवशी घालवला."

जनी तशीच वाकलेली राहिली.

"मग माझा हिरामण आज उठून जेवाय बसला, तो कोणाच्या गुणानं गो?"