तिसरं नाव

‘तिसरे...’ म्हणून लक्ष्मणबुवा जे थांबले ते थांबलेच.

मठाच्या पत्र्याखाली शंभर-सव्वाशे माणसं बसली होती. भिवाजीबाबांच्या पुण्यतिथीसाठी कापसाची वेचणी एका दिवसापुरती टाकून आलेली. समाधीपुढं उभ्या बुवांचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. चुलीपाशी आंबील ढवळणारी मथुराबाई पळी तशीच सोडून उठली.

भिवाजीबाबांनी हा मठ काढला तेव्हा नेरडीगोंड्याच्या या रस्त्यावर बैलगाड्या चालत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ज्वारीची आंबील पाजायची आणि जात विचारायची नाही, एवढाच त्यांचा धर्म. त्यांच्यामागं ज्यांनी ज्यांनी तो चालवला, त्यांची नावं दर पुण्यतिथीला गादीवरच्या माणसानं घ्यायची. नाव, आणि त्यानं केलेलं एक काम. मगच आंबील वाढायची. आणि त्याच्या तोंडचं नाव दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. या रिवाजाचा लोकांना एवढा धाक की एका साली नावं घेताना बुवांना ठसका लागला, तर मध्ये बोलल्यासारखं होईल म्हणून कुणी पाणीसुद्धा पुढं केलं नव्हतं.

पण हा ठसका नव्हता. वर्षभरात बुवांचं विसरणं फार वाढलं होतं. जेवून हात धुवायचे आणि जेवलोच नाही म्हणायचे. मठाचे पंच उत्तमराव माणूस वाईट नव्हते, पण त्यांना सगळं शिस्तीत लागे. ‘यंदा नावं चुकली तर गादीला दुसरा माणूस पाहू,’ असं ते आठवड्यापूर्वीच सर्वांसमक्ष बोलले होते. तेव्हापासून मथुराबाईचा जीव टांगणीला लागला होता. वीस वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, ती इथं एक वाटी आंबील प्यायला आली आणि भांडी घासायला म्हणून थांबली ती थांबलीच. तिला सासर-माहेर जे काय होतं ते हे. चारचौघांत बुवांचं हसं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

महिनाभर ती रोज ज्वारी निवडता निवडता त्यांच्याकडून नावं म्हणवून घेत होती. पहिलं यायचं. दुसरं यायचं. तिसऱ्याला गाडी अडायची. तिसरे पंढरीबुवा, म्हणजे बुवांचे स्वतःचे गुरू. पोरक्या लक्ष्मणला हाताला धरून इथं आणणारे. नेमकं तेच नाव हरवावं, याचं तिला फार वाईट वाटायचं.

आजही तसंच झालं. ‘पहिले मारोतीबुवा, यायनं विहीर खोदली. दुसऱ्या बयनाबाई, यायनं पटकीच्या रोग्यायले आपल्या हातानं आंबील पाजली.’ इथवर बुवा खणखणीत बोलले होते.

उत्तमरावांनी घड्याळ पाहिलं. मागं कुणीतरी उपरण्याआड हसलं. बुवा एकेका तोंडाकडं पाहू लागले, बाजारात आई हरवलेलं पोर पाहतं तसे. मथुराबाईला ते बघवेना.

‘पंढरीबुवा,’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘तिसरे पंढरीबुवा. यायनं पुराच्या पाण्यातून डोक्यावर आंबिलीची घागर नेली.’

उत्तमराव उठले. ‘बाई, हे काय करून राह्यल्या तुमी? काऊन घेतलं नाव? रिवाज मोडला ना.’

‘चुकलं माहं,’ मथुराबाई म्हणाली आणि मागं सरू लागली.

‘मागं नको सरू, माय,’ बुवा बोलले. नाव हाती लागलं तसं त्यामागचं सगळं त्यांच्यापाशी परत आलं होतं. ‘उत्तम, तू तवा लहान व्हता. पाहणारे कोनी उरले नाई, म्हनून तुमाले रिवाज अर्धाच ठाऊक. दुसऱ्याच्या तोंडचं नाव घ्यायचं नाई, हे खरं. पन ज्याले राहवलं नाई, ज्यानं घेतलं, त्यानं मंग मागं सरायचं नाई. बयनाबाई अडखळल्या तवा पंढरीबुवानं घेतलं. पंढरीबुवा अडखळले तवा सारा मठ गप बसला व्हता. मीच घेतलं.’

त्यांनी आपल्या खांद्यावरची गादीची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली आणि लोकांत, खाली सतरंजीवर जाऊन बसले. मग उत्तमरावही बुवांच्या शेजारी टेकले. ‘घ्या बाई, पुढचं नाव घ्या,’ ते म्हणाले.

मथुराबाईनं शाल सावरली. गादीवरचा माणूस स्वतःचं नाव घेत नाही, म्हणून चौथं नाव या मठात आजवर कुणी घेतलंच नव्हतं.

‘चवथे लक्ष्मणबुवा,’ ती म्हणाली. ‘रस्ता मोठा झाला, गाड्या थांबेनात. तवा यायनं सायकलले घागर बांधली आन् ढाब्या-ढाब्यावर जाऊन डायवर लोकायले आंबील पाजली.’

बुवा हात जोडून ऐकत होते. मघाचं सगळं त्यांच्या मनातून पुन्हा पुसलं गेलं होतं. ते उत्तमरावांच्या कानाशी वाकले.

‘भला माणूस दिसते हा लक्ष्मणबुवा,’ ते म्हणाले. ‘आपल्याले भेटाले पायजे व्हता.’