केळ्यांच्या खोलीतला पंखा

बायको तापाने फणफणली होती तेव्हा ज्या माणसाने कपाळाला हात लावून पाहिलं नाही, तो माणूस आज सकाळपासून कम्प्युटरच्या अंगाला हात लावून "फार तापलाय, फार तापलाय" म्हणत फिरत होता. यमुनाबाई शेगडीपुढे उभ्या राहून हे सुनेला ऐकवत होत्या. म्हणजे सुनेच्या नावाने, पलीकडच्या खोलीत असलेल्या नवऱ्याला.

"आई, जरा हळू," हेमांगी म्हणाली. "बाबांना ऐकू जाईल."

"जाऊ दे की. मी काय भिंतीला सांगतेय?"

भिंत मात्र खरोखरच ऐकत होती आणि मारही खात होती. पलीकडे गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन तिला भोक पाडत होता. घराची ही मागची भिंत एकच, लांबलचक, दगडमातीची. तिच्या इकडच्या टोकाला स्वयंपाकघर, तिकडच्या टोकाला केळी पिकत घालायची खोली. त्या खोलीची किल्ली सासूने यमुनाबाईंच्या कमरेला बांधली होती. आता तिथे केळ्यांचा घड नव्हता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या रामचंद्ररावांनी विरारच्या एका बंद पडलेल्या कम्प्युटर क्लासमधून कम्प्युटरची चार जुनी खोकी आणून तिथे ओळीने मांडली होती. आतलं सगळं पुसून त्यांत लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली होती. खोकी दिवसरात्र घुमायची.

"पण ती करतात तरी काय गं?" यमुनाबाईंनी तव्यात बोंबील सोडले. वाफेचा आणि धुराचा लोट उठला, छताला लागला आणि जायला वाट नाही म्हणून पुन्हा खाली आला.

"औषधं शोधायचं मोठं गणित असतं म्हणे. एका मशीनला झेपत नाही. मग त्याचे तुकडे करून जगभर लोकांच्या घरी पाठवतात. ज्याने त्याने आपला तुकडा सोडवून परत धाडायचा." हेमांगीने पदराने डोळे पुसले. "तुम्ही मोगऱ्याच्या कळ्या घरोघर ओवायला द्यायच्या ना, तसं."

"मी ओवणारीला पैसे देत होते. ह्यांना काय मिळतं?"

"काही नाही. सेवा आहे ती."

"सेवा," यमुनाबाई म्हणाल्या. "घरच्यांची करून उरली असेल."

पलीकडून मातीचा ढीग कोसळल्याचा आवाज आला. यमुनाबाईंचं उलथणं हवेतच थांबलं. त्यांनी भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बोंबील उलटले.

या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. यमुनाबाईंनी ती हळद उतरायच्या आत मागितली होती, मुलगा झाला तेव्हा मागितली होती, सून घरात आली तेव्हा सुनेसाठी म्हणून मागितली होती. रामचंद्ररावांचं उत्तर कधी बदललं नाही. जुनी भिंत आहे, हात लावला तर पडेल. यमुनाबाईंनी विश्वास ठेवला होता. मुलांनाही त्या या भिंतीवर चेंडू मारू द्यायच्या नाहीत.

जेवणवेळेच्या आधीच गवंडी हातपाय धुऊन गेला. थोड्या वेळाने पलीकडे पंखा घरघरला आणि रामचंद्रराव दारात आले. केसांत माती, चेहऱ्यावर जत्रेतून परतलेल्या पोराचा आनंद.

"अगं, ये जरा. तुला एक दाखवायचंय."

"तवा आहे शेगडीवर."

"हेमांगी बघेल. ये तर."

यमुनाबाई गेल्या. दारातच थबकल्या. खोलीत वारा होता. केळ्यांचा गोडसर वास गेला होता, उकाडा गेला होता. भोकात बसवलेला एक्झॉस्ट फॅन सगळी ऊब ओढून बाहेर वाडीत फेकत होता.

"मशीनला नाव द्यावं लागतं," रामचंद्रराव सांगू लागले. "नाहीतर कोणतं कुठलं ते कळत नाही. हे बघ."

खोक्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. यमुनाबाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं. राजेळी. मुठेळी. वेलची. आपल्याच वाडीतली केळी. चौथ्या पट्टीपाशी त्यांना वेळ लागला. वाचता येत होतं, तरी लागला.

"तुझं," रामचंद्रराव म्हणाले. "चौघांत हीच कामाची. काही अडत नाही, काही कुरकुरत नाही. काल मित्राला फोनवर सांगितलं, यमुना म्हणजे यमुना."

साऱ्या संसारात या माणसाने त्यांना 'अगं'च्या पुढे हाक मारली नव्हती. चारचौघांत तर नाहीच. आणि काल कोणा परक्याला फोनवर त्याने ते नाव दोनदा घेतलं होतं. खोक्याचं.

"सकाळी हात ठेववत नव्हता हिच्यावर. चटका बसायचा. आता बघ, लावून बघ."

यमुनाबाईंनी हात लावला. खोकं थंडगार होतं. त्यावर धूळ नव्हती. शेजारीच मऊ फडकं घडी करून ठेवलेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या पोलक्याची पाठ मात्र घामाने चिकटली होती आणि केसांना तळणाचा वास येत होता.

"आवडलं ना?" रामचंद्ररावांनी विचारलं.

यमुनाबाईंनी खोक्यावरचा हात काढला. तो भिंतीवर, पंख्याच्या अगदी शेजारी टेकवला, आणि अंगातला सगळा जोर लावून ढकलून पाहिलं. थोडी माती झरली. तेवढीच.

"लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, ही पडेल म्हणून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पडली नाही हो."