हस्तांदोलनाला मनाई

“आजच्या दिवसापासून मानवी हाताचा इतिहास बदलतो आहे!”

इटलीतल्या मोंतेरुबियो गावी नगरभवनाच्या सज्जातून फॅसिस्ट पक्षाचे चिटणीस एवारिस्तो यांनी ही घोषणा केली. हस्तांदोलन ही मवाळ, रोगट, परदेशी सवय आहे. खरा फॅसिस्ट उजवा हात ताठ उगारून रोमन सलाम करतो. टाळ्या कडाडल्या. चिटणीस वळले आणि अभिनंदन करायला पुढे आलेल्या नगराध्यक्षांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. मग विस्तवाला हात लागावा तसे दोघेही मागे सरले.

चौकात हशा पिकला, पण रुमालाआड. साल एकोणीसशे अडतीस. हसायचंच असेल तर खोकल्यासारखं हसायची तेव्हा पद्धत होती.

औषधाच्या दुकानाची मालकीण देल्फीना मात्र हसली नाही. या विधवा बाईच्या आयुष्यात चैन म्हणून एकच गोष्ट होती. रविवारची प्रार्थना संपली की ऑर्गन वाजवणारे माएस्त्रो ओत्तोरिनो चर्चच्या पायऱ्यांवर येत आणि ती त्यांच्याशी हात मिळवी. बापाच्या खलबत्त्यात लहानपणापासून मुळ्या कुटून तिचा पंजा लोहारासारखा झाला होता. ती हात धरी, मनापासून दाबी, आणि माएस्त्रो डोळे गच्च मिटून घेत. मग रुमाल काढून बोटं एकेक करून पुसत. बिचाऱ्याला भावना आवरत नाहीत, असं तिला वाटे.

बोलणं हवापाण्याचंच. पण त्या हाताची ऊब तिला बुधवारपर्यंत पुरायची. गुरुवारपासून ती पुढच्या रविवारची वाट बघायला लागायची.

आता माएस्त्रो चार हातांवर थांबत, टाचा जुळवत आणि खणखणीत सलाम ठोकत. चेहरा उजळलेला. गावात इतका सुरेख सलाम कुणाचाच नव्हता.

“माएस्त्रो हल्ली टवटवीत दिसतात,” शेजारचा न्हावी झेफिरीनो एकदा म्हणाला.

“वरून,” देल्फीना म्हणाली. “आतून माणूस जळतो. दाखवत नाही.”

“सिन्योरा, मी रोज त्यांची दाढी करतो. आत काही जळत असतं तर साबणाला उकळी फुटली असती.”

“तुला काय कळतंय? तू गालापर्यंतचा माणूस.”

पण तिचं तिलाच राहवेना. रिकाम्या दुकानात ती आपलाच उजवा हात डाव्या हातात धरून बसे. एका रविवारी, भर गर्दीत, तिनं माएस्त्रोंचा उगारलेला हात तसाच खाली ओढला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला.

“किती दिवस झाले, माएस्त्रो!”

“सिन्योरा... लोक बघताहेत.” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बघू देत.”

आपल्या काळजीनंच हा माणूस पांढरा पडला, या विचारानं ती घरी जाताना जवळजवळ गुणगुणत होती.

मंगळवारी पक्षाचे दोन काळे डगलेवाले दुकानात आले आणि तिला चिटणिसांपुढे घेऊन गेले. राष्ट्रीय सलामाची जाहीर टिंगल केल्याची तक्रार आली होती. कुणाची, ते सांगायची रीत नव्हती. चिटणीस एवारिस्तो तसा वाईट माणूस नव्हता; त्याला फक्त आपल्या खुर्चीची काळजी होती. त्यानं तिला सुटायची वाट दाखवली.

“हात घसरला म्हणा, सिन्योरा. माफी मागा, विषय मिटला.”

“घसरला नाही. पुन्हा मिळाला तर पुन्हा धरीन.”

दक्षिणेतल्या एका उजाड डोंगरी खेड्यात तिला पाच वर्षांसाठी हद्दपार करण्यात आलं. दुकानाला टाळं लागलं.

तिथं जिच्या घरात ती राहिली त्या म्हातारीनं विचारलं, “अगं, कुणा माणसासाठी भोगते आहेस म्हणे. नवरा?”

“नाही.”

“मग ठेवलेला?”

“छे! आम्ही रविवारी हात मिळवायचो.”

“एवढ्यासाठी आमच्याकडे कुणी शिवीसुद्धा देत नाही गं.”

देल्फीना रोज संध्याकाळी चौकीत हजेरी लावी, येताना उत्तरेकडे तोंड करून उभी राही आणि मनातल्या मनात एक हात धरी. तो हात तिकडे एकटाच वाळत असेल, या कल्पनेनं तिचे डोळे भरत. डोळे पुसून झाले की ती न्हाव्याला शिव्या घाली. तक्रार त्याचीच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. एवढी लांब जीभ गावात दुसऱ्या कुणाची होती?

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात रोममधलं फॅसिस्ट सरकार कोसळलं. ती परतली तेव्हा मोंतेरुबियोत जो तो ज्याला त्याला हात देत सुटला होता. सगळ्यांत पुढे एवारिस्तो. आपण मनातून पहिल्यापासून हस्तांदोलनवालेच होतो, असं तो भेटेल त्याला सांगत होता. झेफिरीनो साबणाच्या हातांनी दुकानातून धावत आला.

“सिन्योरा! किती वाळलात हो!”

तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली. तो तिथंच उभा राहिला, हात पुढे करून.

रविवारी माएस्त्रो चर्चच्या पायऱ्या उतरले. केस पिकले होते, चाल तीच. देल्फीना दोन पायऱ्या चढली आणि तिनं हात पुढे केला.

माएस्त्रोंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“माएस्त्रो, आता मनाई उठली.”

“उठली ना. वाचलं मी.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सिन्योरा, तुम्ही मनाच्या मोठ्या आहात, म्हणून बोलतो. तेव्हा चिटणिसांकडेही मी एवढंच सांगायला गेलो होतो हो, त्यांनीच ते भलतं मनावर घेतलं. मला संध्याकाळी याच बोटांनी पुन्हा वाजवायचं असतं... आपलं तेवढं लांबूनच राहू द्याल का?”